नाजूक हस्ताक्षरी फॉन्ट नेमका कुठे वापरावा?

जुळारी

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचे छपाईचे दुकान आहे. वडील शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, जुळवीत असत, मी संगणकावर बसतो. लग्नपत्रिका, साक्षगंधाची निमंत्रणे, तेरवीची कार्डे, बचत गटांची लेबले आणि बिलबुके असे आमचे काम चालते.

मागच्या वैशाखात एका मुलीने मोबाइलवर एक इंग्रजी पत्रिका दाखवली. केसासारख्या बारीक रेषेचे, एका दमात लिहिल्यासारखे वाटणारे अक्षर होते, आणि तिला मराठी पत्रिका तशीच हवी होती. मी कलम या फॉन्टचे लाइट वजन, म्हणजे बारीक रेषेचे रूप, घेतले आणि सगळी पत्रिका त्यातच लावली. पडद्यावर ती इतकी सुरेख दिसली की मुलीच्या वडिलांनी दुकानात उभ्या उभ्या ती दोनदा मोठ्याने वाचली. पुढे हस्तिदंती रंगाच्या खरबरीत कागदावर सोनेरी शाईने स्क्रीन प्रिंटिंग झाले, आणि दहा पॉइंटातल्या मजकुराची शिरोरेषा जागोजागी तुटली. मुहूर्त ११ वाजून १९ मिनिटांचा होता. १ आणि ९ यांच्यातला फरक एका लहानशा वळणाचा, आणि नेमके तेच वळण कागदावर उतरले नव्हते. मुलीच्या मामांनी दारव्ह्याहून फोन करून वेळ विचारली, मागोमाग आणखी चौघांनी विचारली. उरलेल्या ४०० पत्रिकांवर मुहूर्ताची पट्टी वेगळी छापून चिकटवून दिली. तो खर्च मी घेतला, कारण नमुना काढून पाहायची जबाबदारी माझी होती.

एवढे होऊनही त्या अक्षरावर माझा राग नाही. पत्रिकेच्या माथ्यावर मुलीच्या आजीच्या तोंडचे एक वाक्य मोठ्या आकारात घेतले होते: ‘आमच्या घरची लेक तुमच्या आशीर्वादाची वाट पाहते आहे.’ ते वाक्य छपाईतही असे उमटले होते की कुणीतरी शेजारी बसून बोलते आहे असे वाटावे. दुसऱ्या कोणत्याही फॉन्टमध्ये ते मला तसे दिसले नाही. म्हणून इथल्या जाणकारांना विचारतो, या बारीक हस्ताक्षरी फॉन्टचा स्वभाव काय आहे आणि त्याचे खरे काम कोणते? आणि आमच्यासारख्या ठिकाणी, जिथे कागद स्वस्तातला आणि वाचणारे सर्व वयांचे असतात, तिथे तो वापरावा की नाही?

पळसफूल

जुळारीभाऊ, तुम्ही पट्ट्या छापून दिल्यात हे फार चांगले केलेत. आमच्या गटाच्या हळदीच्या लेबलावर असाच फॉन्ट आहे आणि त्याचा अनुभव बरा आहे. रात्री सविस्तर लिहिते.

शून्य मैल

मी नागपुरात मांडणीचे काम करतो, पण आजोळ आर्वीकडचे असल्यामुळे जुळारीभाऊंची अडचण चांगली समजते.

इंग्रजीतले नाजूक हस्ताक्षर आणि देवनागरीतले नाजूक हस्ताक्षर यांची घडणच वेगळी आहे. रोमन अक्षरे खालच्या रेषेवर उभी राहतात आणि एका अक्षराची शेपटी पुढच्या अक्षराला पायाशी जाऊन मिळते. त्या जोडण्यांतूनच इंग्रजी अक्षराला धावती लय येते. आपली अक्षरे शिरोरेषेला लोंबकळतात आणि ती एकमेकांना मिळतात ती डोक्याशी. शिवाय देवनागरीच्या बोरूचे टोक परंपरेने रोमन लेखणीच्या उलट बाजूला कापले जाते, त्यामुळे जाड आणि बारीक रेषा कुठे पडणार हेही बदलते. इंग्रजी पत्रिकेतला तो डौल मराठीत जसाच्या तसा आणायला गेलो, तर अक्षरे परक्या पावलांनी चालल्यासारखी दिसतात.

मग देवनागरीत नाजूकपणा राहतो कुठे? तो राहतो वेलांटीच्या बाकात, उकाराच्या शेपटीत, रफाराच्या टोकात आणि काना जरासा कलतो त्या कलण्यात. म्हणजे अक्षराच्या अंगापेक्षा वरखालच्या चिन्हांतच तो जास्त असतो. म्हणून अशा फॉन्टला दोन ओळींमध्ये मोकळी जागा हवी. अक्षराच्या आकाराच्या दीडपट ओळ ठेवली नाही, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो आणि सगळी नजाकत संपते.

कलमविषयी थोडे सांगतो. इंडियन टाइप फाउंड्रीने तो २०१४ साली काढला. लिपी रावल आणि जॉनी पिनहॉर्न यांनी तो घडवला आहे, त्याची लाइट, रेग्युलर आणि बोल्ड अशी तीन वजने आहेत, आणि तो खुल्या परवान्याखाली असल्यामुळे दुकानदाराला पत्रिका किंवा लेबल छापून विकायला कोणतीही आडकाठी नाही. पडद्यावरच्या मजकुरासाठी तो उत्तम चालतो. मात्र लाइट वजनाचा बारीक मजकूर खरबरीत कागदावर सोनेरी शाईने छापणे म्हणजे त्याला त्याच्या कुवतीबाहेरचे काम सांगणे आहे. सोनेरी शाईत धातूची भुकटी असते, तिचे कण स्क्रीनच्या जाळीतून बारीक रेषेत नीट उतरत नाहीत आणि कागदाच्या खळग्यांत रेषा बुडते. एकाच गडद शाईने, गुळगुळीत आर्ट कार्डावर, १८ पॉइंटांच्या वर तोच फॉन्ट घ्या, मग पाहा.

पाटीवाला

मी अकोटकडे तीस वर्षे पाट्या रंगवल्या. दुकानांच्या, शाळांच्या, ट्रकांच्या आणि ग्रामपंचायतीच्या भिंतींवरच्या.

आमच्या कामात पहिला प्रश्न हा असे की वाचणारा किती लांब उभा राहणार. रस्त्यावरची पाटी वाचणारा सायकलवर असतो, बैलगाडीत असतो, आता मोटारसायकलवर असतो. त्याला दोन क्षणांत नाव कळले पाहिजे. त्यामुळे बारीक कुंचला आम्ही फक्त एका ठिकाणी काढत असू: दुकानाच्या नावाखाली मालकाच्या वडिलांचे नाव किंवा ‘कृपा’ लिहायचे असेल तेव्हा. ‘श्री गजानन महाराज कृपा’ ही ओळ जाड अक्षरात लिहिली तर ती जाहिरात होते, आणि बारीक, किंचित तिरप्या अक्षरात लिहिली की तिच्यात भक्ती येते. हा फरक मला उस्तादांनी शिकवला होता.

फ्लेक्स आल्यावर तो फरक राहिला नाही. आता संगणकावरचा पोरगा सगळीकडे एकच फॉन्ट ओढून मोठा करतो. मुंबईच्या लोकल रेल्वेच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून यात्रा नावाचा फॉन्ट केला आहे हे मी मुलाच्या मोबाइलवर पाहिले, तेव्हा फार बरे वाटले. आमच्या हाताची आठवण कुणीतरी ठेवली.

अआइई

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका लहान शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. माझे मत थोडे कडक आहे, आणि ते मी जबाबदारीने मांडते आहे.

देवनागरीत शिरोरेषेची फट ही सजावट नाही, तिला अर्थ आहे. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ या जोड्यांत ओळख पटते ती शिरोरेषा कुठे मोकळी सोडली आहे यावरून. नाजूक हस्ताक्षरी फॉन्टमध्ये एकतर शिरोरेषा अर्धवट असते किंवा छपाईत ती तुटते, आणि मग ‘घ’चा ‘ध’ होतो, ‘म’चा ‘भ’ होतो. जुळारीभाऊंनी सांगितलेली तुटलेली शिरोरेषा मोठ्या माणसांना केवळ कुरूप दिसली असेल. मुलाला मात्र ते दुसरेच अक्षर असते.

गेल्या वर्षी शाळेसाठी भिंतीवर लावायचे तक्ते आले होते, तिरप्या हस्ताक्षरी फॉन्टमध्ये छापलेले. दिसायला गोड होते. एक मुलगी त्यातला ‘भाकर’ हा शब्द वाचताना ‘माकर’ म्हणाली आणि थांबली. तिने माझ्याकडे पाहिले, मग तक्त्याकडे पाहिले आणि तक्त्याजवळ जाऊन ‘भ’च्या डोक्यावर बोट ठेवून म्हणाली, “मॅडम, इथं उघडं पाहिजे होतं.” तिचे बरोबर होते. छापताना ती फट भरून आली होती. त्या दिवशी मी तक्ता उतरवला आणि खडूने तोच मजकूर फळ्यावर सरळ, ठसठशीत लिहिला. ‘ख’ आणि ‘रव’ यांचा गोंधळ तर सगळ्यांच्या माहितीचा आहे.

जे अक्षर शिकत आहेत त्यांच्यासमोर हा फॉन्ट ठेवू नये. शिकून झालेल्यांना तो खुशाल द्यावा.

कोरडवाहू

वर जे आले ते सगळे पटते, तरी एक गोष्ट मनाला लागते म्हणून लिहितो आहे.

जुळारीभाऊंनी विचारले की आमच्यासारख्या ठिकाणी हा फॉन्ट वापरावा की नाही. या प्रश्नामागे एक जुना समज आहे, आणि तो आपल्याच लोकांच्या डोक्यात बसला आहे. गावातले म्हटले की जाड अक्षर, लाल-पिवळा रंग, अक्षराला काळी किनार आणि मागे फुलांची वेल. नाजूक आणि शांत असे जे काही असेल ते शहरातल्यांसाठी. खतांच्या आणि बियाण्यांच्या पिशव्या बघा, सगळीकडे अक्षर ओरडते. माझ्या आईची रांगोळी कधी ओरडली नाही. तिची रेघ धाग्याएवढी बारीक असे आणि उंबरठ्यापासून तुळशीपर्यंत कुठे जाड होत नसे. सारवलेल्या अंगणात ती पांढरी रेघ लांबून दिसायची, कारण तिच्या भोवती मोकळी जागा असायची.

मला म्हणायचे आहे ते एवढेच की बारीक अक्षर गावात चालत नाही असे कुणी म्हणू नये. त्याच्या भोवती जागा सोडली जात नाही, हा दोष आपल्या मांडणीचा आहे. पत्रिकेत एकोणीस नातेवाइकांची नावे, तीन देव आणि दोन पुढाऱ्यांचे फोटो कोंबल्यावर कोणते नाजूक अक्षर तग धरील?

जुळारी

कोरडवाहू भाऊ, तुमचा मुद्दा मला मान्य आहे. नावे कमी करा असे मात्र मी गिऱ्हाइकाला सांगू शकत नाही. ज्या काकांचे नाव गळते ते लग्नालाच येत नाहीत. पण मोकळ्या जागेचे तुमचे म्हणणे मी टिपून ठेवले आहे.

अआइई ताई, फट भरून येते ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. मी इतके दिवस फक्त तुटण्याचीच काळजी करत होतो.

पळसफूल

सांगितल्याप्रमाणे लिहिते आहे. आम्ही समुद्रपूर तालुक्यातल्या बारा जणी वायगाव हळदीची पूड करून विकतो. पहिल्या वर्षी लेबल सगळे जाड अक्षरात होते आणि प्रदर्शनात आमची पिशवी शेजारच्या दहा पिशव्यांसारखीच दिसत होती. दुसऱ्या वर्षी वर्ध्याच्या एका मुलाने फक्त एक ओळ बदलली. ‘हळद पूड’ हे नाव ठसठशीत ठेवले आणि त्याच्या खाली ‘आमच्याच वावरातली, आमच्याच जात्यावरची’ ही ओळ बारीक हस्ताक्षरी अक्षरात घेतली. लोक पिशवी हातात घेऊन ती ओळ वाचू लागले. एक आजी म्हणाल्या, “हे कोणं लिवलं व माय?” छापलेले आहे हे त्यांना पटेना, त्यांनी अंगठ्याने पुसून पाहिले.

वजन, किंमत, बांधणीची तारीख आणि पत्ता मात्र साध्या सरळ फॉन्टमध्येच आहेत. ते तसे असलेच पाहिजेत, कारण वैध मापन आवेष्टित वस्तू नियम, २०११ यांत या मजकुराच्या अंकांची किमान उंची ठरवून दिली आहे आणि तो सुवाच्य असावा अशी अट आहे. ज्यांना लेबले करून घ्यायची आहेत त्यांनी छापण्याआधी हे नक्की पाहावे, नाहीतर हजारभर लेबले वाया जातात.

आणखी एक सांगते. पिवळ्या पिशवीवर पांढरे बारीक अक्षर घेऊ नका. आम्ही घेतले होते, दुकानात ठेवल्यावर कुणाला दिसलेच नाही.

शून्य मैल

पळसफूल ताईंचा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. गडद रंगावर पांढरे बारीक अक्षर काढले की छपाईत भोवतालची शाई आत सरकते आणि रेषा आणखी बारीक होते. चार रंगांच्या मिश्रणातून केलेले बारीक अक्षरही टाळावे, कारण चारपैकी एक रंग केसभर सरकला तरी अक्षराला सावली पडते. बारीक अक्षर एकाच शाईत ठेवणे सर्वांत सुरक्षित.

आणि फॉन्ट निवडण्याआधी त्यात पाच-सहा शब्द लिहून पाहायची सवय लावा: ‘वऱ्हाड’, ‘हळद’, ‘शाल’, ‘ॲड.’, ‘ट्रक’, ‘आचाऱ्यास’. हस्ताक्षरी म्हणून फिरणाऱ्या कितीतरी फॉन्टमध्ये ‘ऱ्ह’ येतच नाही आणि ‘वर्‌हाड’ असे काहीतरी फुटके उमटते. ‘आचाऱ्यास’ आणि ‘आचार्यास’ हे वेगळे शब्द आहेत, एक स्वयंपाक्याला आणि दुसरा गुरूला. त्याचप्रमाणे ‘ल’ पाकळीयुक्त आणि ‘श’ देठयुक्त आहे का तेही पाहा. महाराष्ट्र शासनाने वर्णमालेच्या निर्णयात ही रूपे मराठीसाठी धरली आहेत, आणि पुष्कळ फॉन्टमध्ये हिंदी वळणाची रूपे आधी येतात. हाताने लिहिल्याचा भास निर्माण करणाऱ्या फॉन्टमध्ये परक्या वळणाचा ‘ल’ आला की भास तिथेच मोडतो, कारण आपल्या घरात कुणीच तसा ‘ल’ लिहीत नाही.

पाटीवाला

‘वऱ्हाड’ लिहिता येत नसलेला फॉन्ट वऱ्हाडात पत्रिकेसाठी वापरतात, हे वाचून वाईट वाटले. आमच्या कुंचल्याला ते अक्षर कधी अडले नाही.

बोरू

मी निवृत्त आहे आणि अमरावतीकडे जुने मोडी कागद वाचून देण्याचे काम हौसेने करतो. विषयाला धरूनच थोडे मागे जातो.

आज आपण ज्याला बारीक, धावते, हाताचे अक्षर म्हणतो ते काम आपल्याकडे शतकानुशतके मोडीने केले. मोडी लिहिणारा कारकून आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढून घेई आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरे त्या रेघेखाली ओवत जाई. त्या वेगासाठी ऱ्हस्व-दीर्घाचा भेदसुद्धा सोडलेला असे. बाळबोध, म्हणजे आपली देवनागरी, होती ती पोथीसाठी, देवासाठी, शिकणाऱ्या बाळासाठी. पत्र, हिशेब, वाटणी, कर्जरोखा हे माणसामाणसांतले व्यवहार मोडीत होत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती कागदोपत्री टिकून होती आणि युनिकोडमध्ये तिला जागा मिळाली ती २०१४ साली, म्हणजे शून्य मैल यांनी सांगितलेला कलम निघाला त्याच वर्षी.

सांगायचे कारण असे की छापखाना आला तेव्हा खिळे पाडले गेले ते मुख्यतः बाळबोधीचे. आपल्या छापील अक्षराकडे ठसठशीत, पोथीतला, सर्वांना उद्देशून बोलणारा आवाज आला आणि घरगुती आवाज कागदावर हातानेच राहिला. नाजूक हस्ताक्षरी फॉन्ट आज ती रिकामी जागा भरू पाहतो आहे, असे मला वाटते. पत्रिकेवरचे आजीचे वाक्य त्या अक्षरात जिवंत वाटले आणि मुहूर्त मात्र हरवला, याचे कारण यातच आहे. मुहूर्त हा सर्वांना सांगायचा असतो, तो बाळबोधच हवा.

झाडीचा पडदा

बोरू सर, फार सुंदर लिहिलेत. वडशाला झाडीपट्टी नाटकांचा हंगाम सुरू झाला की आम्ही पोस्टरे छापतो. नाटकाचे नाव लांबून दिसावे म्हणून ते दणदणीतच लागते. परंतु नाटकात पत्राचा प्रसंग असेल तर पोस्टरच्या कोपऱ्यात त्या पत्राची एक ओळ आम्ही हस्ताक्षरी फॉन्टमध्ये घेतो, आणि प्रेक्षक त्या ओळीपाशी थांबतात. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची नावे हाताने रेखाटली तेव्हा प्रत्येक नाटकाला त्याचे स्वतःचे अक्षर दिले. एकच फॉन्ट सगळ्या नाटकांना लावणे मला म्हणूनच रुचत नाही.

तिरपी वेलांटी

मी इथे नेहमी वाचते, आज पहिल्यांदाच लिहिते आहे. माझी आई दोन वर्षांपूर्वी गेली. तिची एक वही माझ्याजवळ आहे, दोनशे पानी, निळ्या शाईच्या पेनाने लिहिलेली. त्यात सांडगे, पापड, आंबाडीची भाजी, दिवाळीचा हिशेब आणि मधेच एखादे भजन असे सगळे आहे. तिचे अक्षर बारीक होते आणि तिची वेलांटी नेहमी उजवीकडे जरा जास्त झुकायची, म्हणून मी हे नाव घेतले. ‘ज्वारी’ लिहिताना ती ‘ज्वा’ अगदी लहान काढी आणि ‘री’ची वेलांटी पार पुढच्या शब्दावर जाऊन टेके.

भावाच्या मुलीचे लग्न ठरले आहे. आईच्या अक्षराचा फॉन्ट करून पत्रिका त्यात छापावी असे आम्हा भावंडांच्या मनात आहे. हे शक्य आहे का, आणि किती काम असते?

शून्य मैल

ताई, शक्य आहे, पण काम मोठे आहे. इंग्रजीसाठी शंभर-दोनशे आकार काढून भागते. देवनागरीत स्वर, व्यंजने, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, मात्रा आणि अंक धरले तर साधा फॉन्टही काही शे आकारांवर जातो आणि कलमसारख्या फॉन्टमध्ये ते हजाराच्या वर आहेत. एका ‘र’चीच रूपे पाहा: ‘र्क’मधला रफार, ‘क्र’मधली तिरकी रेघ, ‘ट्र’खालची काकपदासारखी (^) खूण आणि ‘ऱ्य’मधली पापणी. पहिली वेलांटी तर पुढचे अक्षर किती रुंद आहे त्याप्रमाणे लांब-आखूड करावी लागते.

वहीची पाने ६०० डीपीआयला स्कॅन करा, अक्षरे इंकस्केपमध्ये रेषांत उतरवा आणि फॉन्टफोर्जमध्ये बसवा. दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. मी जोडाक्षरांच्या नियमांसाठी मदत करीन. मात्र एक गोष्ट आधी सांगतो. आईंनी वहीत शंभर वेळा ‘री’ लिहिली असेल तर त्या शंभरही वेगळ्या असतील, आणि फॉन्टमध्ये त्यांतली एकच राहील. एकाच अक्षराची दोन-तीन रूपे आलटूनपालटून आणण्याची सोय ओपनटाइप या फॉन्टच्या प्रकारात आहे, पण देवनागरीत ती सोय करायची म्हणजे आकारांची संख्या दुपटीच्या वर जाते.

बोरू

तिरपी वेलांटी ताई, वयाने मोठा म्हणून एक विचार मांडतो, निर्णय तुमच्या घरचा आहे.

फॉन्ट झाला की त्यात कोणीही काहीही लिहू शकतो. आईंनी कधी न लिहिलेली वाक्ये, कधी न उच्चारलेली नावे, हॉलचा पत्ता आणि फोन नंबर हे सगळे त्यांच्या अक्षरात दिसू लागेल. मी जुने कागद हाताळतो तेव्हा त्या अक्षरावर विश्वास ठेवतो, कारण ते त्या माणसाने त्या दिवशी तिथे बसून लिहिलेले असते. मला वाटते वहीतच शोधावे. लेकीसाठी, नातीसाठी, एखाद्या सणाच्या दिवशी त्यांनी काहीतरी लिहून ठेवले असेल. तीच ओळ जशीच्या तशी उचलून पत्रिकेवर घ्यावी.

कोरडवाहू

बोरू सर, मी इथे जरा वेगळे म्हणेन. माणूस गेल्यावर त्याचे जाते वापरतो, त्याची विळी वापरतो, त्याने लावलेल्या झाडाचे आंबे खातो. अक्षर का वापरू नये? नातीच्या पत्रिकेत तिचे नाव आजीच्या अक्षरात आले तर त्यात खोटे काही नाही.

अआइई

दोघांचेही म्हणणे मनापासून आले आहे. मला असे वाटते की नाव आजीच्या अक्षरात यावे आणि पत्ता येऊ नये. गांधीजींनी आपले अक्षर वाईट राहिल्याची खंत आत्मकथेत बोलून दाखवली आहे आणि मुलांना अक्षर गिरवायला लावण्याआधी चित्र काढायला शिकवावे असे सुचवले आहे. अक्षर हे माणसाचे चित्रच असते, एवढे मी वर्गात रोज पाहते. चित्राला चित्राच्या जागी ठेवावे.

मोठे अक्षर

वय ७४. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले आहेत. सगळा धागा मुलाने मोठा करून दाखवला म्हणून वाचता आला. पत्रिका घरी आली की मी प्रथम तारीख, वेळ आणि गाव पाहतो. या तीन गोष्टी मला चश्म्यावाचून दिसाव्यात, बाकी अक्षर कसेही असो, ते मी सावकाश उन्हात बसून वाचीन.

तिरपी वेलांटी

बोरू काका, तुमचे वाचून मी काल रात्री वही पुन्हा पहिल्या पानापासून काढली. आंबाडीच्या भाजीच्या पानावर, समासात, उभ्या ओळीत लिहिलेले सापडले: ‘पिंकीच्या लग्नाले सगळ्यायनं या.’ पिंकी म्हणजे हीच भाची, तेव्हा ती चार वर्षांची असेल. आई वहीत सहसा पुस्तकी मराठी लिहायची, हे मात्र घरच्या बोलीत लिहिले आहे, आणि ‘या’चा काना पानाच्या कडेपर्यंत ओढला आहे.

फॉन्ट करणार नाही. ही ओळ घेऊ.

जुळारीभाऊ, तुम्ही छापून द्याल का?

जुळारी

ताई, नक्की देईन. पान घडी न करता, दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून आणा, स्कॅन माझ्यासमोर करू आणि वही लगेच तुमच्या हातात परत देईन.

दरम्यान मी इथे वाचलेल्या गोष्टी करून पाहिल्या, त्या सांगतो. त्याच वैशाखातल्या पत्रिकेचा मजकूर घेतला. आजीचे वाक्य कलम लाइटमध्ये २२ पॉइंटात, एकाच गडद तपकिरी शाईत, भोवती चारही बाजूंनी दोन बोटे जागा सोडून लावले. तारीख, मुहूर्त आणि विवाहस्थळ मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेल्या ‘मुक्त’ नावाच्या फॉन्टमध्ये १४ पॉइंटात घेतले. नातेवाइकांची एकोणीस नावेही मुक्तमध्येच, पण आतल्या पानावर हलवली, म्हणजे कोणते काका गळले नाहीत. आधी खरबरीत कागदावर ऑफसेटने दहा प्रती काढल्या. आजीचे वाक्य त्यावरही टिकले, फक्त ‘आशीर्वादाची’ मधला रफार एका प्रतीत फिका आला. मग ३०० जीएसएम आर्ट कार्डावर काढल्या, त्यात सगळे स्वच्छ उतरले. दुकानाच्या दारात, दिवेलागणीच्या वेळी, शेजारच्या किराणा दुकानातल्या काकांना प्रत दिली. त्यांनी चश्मा न लावता ‘११ वाजून १९’ बरोबर वाचले. मग खिशातून चश्मा काढला आणि आजीचे वाक्य वाचले.

‘वऱ्हाड’, ‘शाल’ आणि ‘आचाऱ्यास’ हे शब्द मी आता दुकानातल्या प्रत्येक हस्ताक्षरी फॉन्टमध्ये लावून पाहतो आहे. चौदापैकी पाच फॉन्ट काढून टाकले. मांडणीच्या कोरल या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत जोडाक्षरे तुटत होती, त्यासाठी मजकूर दुसरीकडे लावून, कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांची चित्रे करून, आणतो आहे.

पळसफूल

ते आर्ट कार्ड लेबलांसाठी चालेल का भाऊ? आमच्या पुढच्या हळदीची लेबले याच महिन्यात करायची आहेत.

जुळारी

ताई, लेबलाला कार्ड जाड पडेल, चिकटणारही नाही. त्यासाठी आर्ट पेपरचा स्टिकर येतो, ऑफसेटवर चांगला चालतो. तुमची ती ओळ पाठवा, दोन-तीन आकारांत काढून नमुने एसटीने पाठवतो. हळदीच्या बोटांनी पुसून पाहा आणि मग सांगा.